सासूबाईंची सीट आणि टायमिंग बेल्ट

२२ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात म्हणतात. शिवाय जे काम हाती घेतोय त्याची नोंद राहायला हवी. पुढेमागे कुणाला उपयोगी पडेल.

काम : गाडीचा टायमिंग बेल्ट बदलणे. स्वतः.

पार्श्वभूमी अशी. २६ ऑक्टोबरला आमच्या नातीचा, बोमीचा, पहिला वाढदिवस. लेक युनजू सोक्चोला असते. आम्ही सुनचॉनला, म्हणजे देशाच्या एका कोपऱ्यात, आणि ती तिरप्या रेषेत पार दुसऱ्या टोकाला. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी पणतीला अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, फक्त फोनवर. कारण त्यांना बस लागते, आगगाडी लागते, टॅक्सी लागते. फक्त आमच्या जुन्या गाडीत, पुढच्या सीटवर बसल्या की काही होत नाही. मागे एकदा माझ्या मेव्हण्याच्या नव्याकोऱ्या गाडीत बसल्या, तर कॉम्प्लेक्सच्या गेटपर्यंतही पोचल्या नाहीत. त्या दिवशी मला आनंद झाला होता असं बायको म्हणते. मी फक्त खिडकीतून बघत होतो.

तो मेव्हणा, गिताए, आज जेवायला आला होता. त्याचं गॅरेज आहे. हसतो मोठ्याने. बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "दाजी, पावणेतीन लाख किलोमीटर झालेत हिचे. मागचा पट्टा मीच टाकला होता, युनजू कॉलेजात असताना. आता डोंगरात कुठे तुटला ना, तर इंजिनचा खुळखुळा होईल. सकाळी आणून सोडा, संध्याकाळी घेऊन जा."

मी म्हटलं, बघू.

तर हा बायकोला म्हणतो, "ताई, दाजींना हात लावू देऊ नकोस हं गाडीला."

सगळे हसले. सासूबाई तर किमचीचं, म्हणजे मुरलेल्या तिखट कोबीचं, पान हातात धरून हसल्या.

मी मोजणी खात्यात अख्खी नोकरी काढली. दोन शेतांमधली हद्द बोटभरही इकडची तिकडे होऊ दिली नाही. निर्णय तिथेच झाला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

व्हिडिओ पाहिले. काम सोपं आहे. जुना पट्टा काढायचा, नवा घालायचा. मधलं सगळं नट-बोल्ट. व्हिडिओतला माणूस बोलतो फार. मी आवाज बंद करून पाहतो, वेळ वाचतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, गिताए करतोय ना." मी म्हटलं, प्रश्न गिताएचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "तत्त्व राहू द्या, आईला बोमी दाखवायचीय." म्हटलं, दाखवणारच. शब्द देतो. सासूबाईंनाही जाऊन दिला. त्या टीव्ही बघत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, जरा बाजूला व्हा."

२८ सप्टेंबर, शनिवार

पट्टा आला. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आला. निळा डांगरी सूटही आला. खिशावर नाव शिवून घेतलंय : तांग ग्युसॉक. कामाला शिस्त येते.

सूट घालून खाली एक चक्कर मारली. वॉचमन गोक काकांनी विचारलं, गटाराच्या कामाला आलात का. त्यांची नजर कमजोर आहे.

आज सुरुवात करणार होतो, पण सूट नवा होता.

३ ऑक्टोबर, गुरुवार. सुट्टी

प्रारंभ.

पुढचं चाक काढलं. इंजिनखाली जॅक लावला. वरची कव्हरं काढली. प्रत्येक बोल्ट वेगळ्या वाटीत. बायकोच्या सगळ्या वाट्या लागल्या. दुपारी जेवताना सूप पातेल्यातून प्यावं लागलं.

संध्याकाळपर्यंत खालच्या मोठ्या पुलीपर्यंत पोचलो. तिचा बोल्ट उद्या. पाच मिनिटांचं काम.

५ ऑक्टोबर, शनिवार

बोल्ट निघत नाही. गिताएने मागच्या वेळी गरज नसताना आवळून ठेवलाय. त्याचा स्वभावच तसा.

मी पान्याला पाईप लावला. पाईप म्हणजे बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा. वाकला. मी तो तसाच वाकलेला परत बाल्कनीत लावला, पण ओले टॉवेल आता घसरून एका टोकाला गोळा होतात. बायको ते टॉवेल तिथेच राहू देते आणि माझ्याकडे बघते.

७ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या इमारतीत घराघरात स्पीकर आहेत. सकाळी त्यातून सूचना झाली : "पार्किंगमध्ये वाहनांची दुरुस्ती करण्यास मनाई आहे. निळ्या कपड्यांतील गृहस्थांनी नोंद घ्यावी."

गोक काकांना जाऊन भेटलो. दुरुस्ती आणि देखभाल यातला फरक समजावून सांगितला. दुरुस्ती म्हणजे बिघडल्यावर. माझी गाडी बिघडलेली नाही. ते म्हणाले, "तांगसाहेब, चाक काढून ठेवलंय हो तुम्ही." मी म्हटलं, तपासणीसाठी. त्यांनी यापुढे आपण काही पाहिलंच नाही असं धरून चालायचं कबूल केलं. माणूस चांगला आहे. त्यांना नाशपाती दिल्या.

दुपारी बोल्ट निघाला! पान्याचा दांडा जमिनीला टेकवून गाडीची किल्ली मारायची, स्टार्टरच्या जोराने बोल्ट सैल होतो. व्हिडिओत तो माणूस करताना पाहिलं होतं. तिथे तो बरंच काही बोलतही होता. पाना उडाला आणि शेजारच्या जागेत ठेवलेल्या किमचीच्या बरणीला लागला. बरणी आमचीच निघाली.

पण बोल्ट निघाला.

९ ऑक्टोबर, बुधवार. सुट्टी

आता खरं काम. पट्टा काढण्याआधी पुल्यांवरच्या खुणा जुळवून घ्यायच्या. वर दोन पुल्या, खाली एक. सगळ्या खुणा बरोबर समोरासमोर हव्यात, तरच इंजिनच्या वरच्या भागाचा आणि खालच्या भागाचा मेळ राहतो. एक दात जरी इकडे-तिकडे झाला तर वॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात. व्हिडिओत हा भाग लाल अक्षरांत आहे. मला लाल अक्षरांची गरज नव्हती. हे मोजणीचंच काम आहे.

खुणा जुळवल्या. नेलपॉलिशने ठळक केल्या. जुना पट्टा काढला. काढल्याबरोबर वरची एक पुली स्वतःहून थोडी फिरली. टक असा आवाज आला. परत जागेवर आणली. साधारण.

सासूबाई आज खाली आल्या होत्या. चालती गाडी नाही, तरी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. सीटबेल्ट लावून. भाजलेलं रताळं सोलत म्हणाल्या, "छान चाललीय गाडी. जरासुद्धा मळमळत नाही."

म्हटलं, आई, गाडी जॅकवर आहे.

"म्हणूनच म्हणते."

१३ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई आता रोज येतात. एरवी त्या घरात टीव्हीसमोर असतात आणि मी दुसऱ्या खोलीत, त्यामुळे इतक्या वर्षांत आमचं फारसं बोलणं झालेलं नाही. आता मी इंजिनात डोकं घालून असतो आणि त्या काचेआडून बोलतात.

आज सांगत होत्या, युनजू जन्मली तेव्हा त्या आठवडाभर तिच्या मुठी उघडून बघायच्या. बाळांच्या तळव्यात मळ साठतो, लोकरीसारखा. तो काढला की बाळ हसतं. "फोनवर मूठ उघडता येत नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, दोन आठवड्यांत उघडालच.

"तुम्ही तो बोल्ट आधी उघडा."

बोल्ट कधीच उघडला होता. पण वयस्कर माणसाशी वाद घालू नये.

१६ ऑक्टोबर, बुधवार

नवा पट्टा चढवताना खुणा जुळेनात. एक जुळते तर दुसरी सरकते. मी शांत डोक्याने विचार केला आणि वर जाऊन माझा ओळंबा आणला. निरोपसमारंभात खात्याने दिला होता, पितळी, मखमली डबीत. ओळंबा सोडून मापं घेतली. त्यावरून स्पष्ट झालं की कंपनीने पुलीवर केलेली खूणच किंचित चुकलेली आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाडी जॅकवर तिरकी उभी आहे, त्याचा काही परिणाम होत असेल का, असा विचार मध्येच आला. पण एकदा माप घेतलं की घेतलं.

दुरुस्त मापाप्रमाणे पट्टा बसवला. कंपनीला पत्र लिहीन सवडीने.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गिताए अचानक आला. मी वेळेत कव्हर टाकून गाडी झाकली आणि बाकावर पेपर वाचत बसलो. सूट मात्र अंगात होता.

"काय दाजी, झालं का?"

म्हटलं, कधीच. मुरायला ठेवलीय.

"किमची आहे का ती?" असं म्हणून तो गोक काकांकडे बघून हसला. गोक काकाही हसले. नाशपाती खाल्लेल्या माणसाने असं करू नये.

जाताना मात्र हसणं थांबवून म्हणाला, "दाजी, एक ऐका. किल्ली मारायच्या आधी खालची पुली पान्याने हाताने फिरवून बघा. दोन पूर्ण फेरे. कुठे अडली तर तिथेच थांबा आणि मला फोन करा. अर्ध्या रात्री करा. मी चिडवणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कव्हरं परत बसवली. बोल्ट उरला नाही. उलट एक कमी पडला. स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा बसला.

गिताएने सांगितलं म्हणून नव्हे, मला स्वतःलाच वाटलं म्हणून, पुली हाताने फिरवून पाहिली. एका जागी अडली. नवा पट्टा आहे, घट्ट असणारच. जरा जोर लावला तर आतून कुणीतरी दार वाजवावं तसा आवाज आला. तिथेच थांबलो. पुढच्यासाठी स्टार्टर आहे की. माणसाच्या हाताने इंजिन फिरवायचं तर मग स्टार्टर कशाला लावलाय?

फोनचा विचार केला नाही, असं नाही. हातात घेतलाही. मग तो "ताई, ऐकलंस का?" म्हणेल ते कानात वाजायला लागलं. फोन ठेवला.

बायकोने बॅगा भरायला घेतल्या. तांदळाच्या वड्यांची ऑर्डर देऊन आली. सासूबाईंनी पणतीसाठी लोकरीचे मोजे विणून ठेवलेत, एक मोठा, एक लहान. म्हणतात, पाय कधीच सारखे वाढत नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सगळे खाली. सासूबाई पुढच्या सीटवर, रेशमी पोशाखात, मांडीवर पिशवी. निघायचं उद्या होतं, पण त्या म्हणाल्या, मी चाचणीला येते. बायको गाडीबाहेर हाताची घडी घालून. गोक काका झाडू घेऊन, झाडत नव्हते.

किल्ली मारली.

इंजिन सुरू झालं. हे नोंदवून ठेवतो, कारण नंतर यावर वाद होऊ शकतो. सुरू झालं. आवाज दमदार होता. सगळं भांड्यांचं कपाट जिन्यावरून उतरावं तसा. मग एक वेगळा, बारीक आवाज झाला आणि शांतता.

परत किल्ली मारली. स्टार्टर फिरला, पण हलका, रिकाम्या डब्यासारखा.

सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "पोचलो?"

बायको वर निघून गेली. मी तिच्या मागे जाऊन बॅटरी उतरली असावी हे समजावून सांगितलं. ती भरलेली बॅग उघडून एकेक कपडा परत कपाटात ठेवत होती. युनजूने पाठवलेला बोमीचा फोटो आरशाला लावलेला आहे. त्याच्याकडे पाठ करून ठेवत होती.

मग मी गॅलरीत जाऊन गिताएला फोन केला. "येतो," म्हणाला. चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळ

गिताए गाडी उचलून नेण्याचा ट्रक घेऊन आला. ऑइलच्या टोपीतून टॉर्च मारून बघितलं, पट्ट्याचं कव्हर उघडलं, स्टुलाचा बोल्ट हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाला, "वॉल्व्ह वाकलेत, दाजी. सगळे. इंजिनचं हेड खाली उतरवावं लागणार." मी त्याला कंपनीच्या खुणेबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. अख्खं ऐकून घेतलं, हे जास्त लागलं.

एक अडचण झाली. सासूबाई सकाळीच येऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. उतरेनात.

"आई, गाडी ट्रकवर चढवायचीय," गिताए म्हणाला.

"चढव की. मी कुठे अडवलंय."

"माणूस बसवून चढवता येत नाही. परवाना जाईल माझा."

शेवटी बायकोने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं, नुसतं गॅरेजपर्यंत. मी त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, ओले रुमाल दिले. गिताएला बजावलं, हळू चालव, गेटपाशी थांबव.

२५ ऑक्टोबर, दुपार

त्यांना काहीही झालं नाही.

गॅरेजमध्ये पोचल्यावर त्या उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, इथून सगळं दिसतं. गाड्यांची टपं दिसतात, लोकांच्या गच्च्या दिसतात. इतकी वर्षं आपण खाली बसत होतो म्हणूनच होत होतं. मग गिताएला म्हणाल्या, अजून जरा पुढे ने. त्याने एक फेरी मारून आणली. मग म्हणाल्या, सोक्चो किती लांब आहे?

गिताएने रिकामा ट्रक घेऊन जायचं ठरवलं. गॅरेज दोन दिवस बंद. बायकोने कपाटात ठेवलेले कपडे पुन्हा बॅगेत भरले, मला वाटतं गाणं गुणगुणत. ट्रकच्या केबिनमध्ये तिघांची जागा. गिताए, सासूबाई, बायको.

"अहो, तुम्ही उद्या सकाळच्या बसने या," बायको म्हणाली. "वड्या मात्र तुम्हीच आणा, त्यांची ऑर्डर मी उद्या पहाटेवर ढकललीय." आवाजात राग नव्हता. सामान कुठे ठेवायचं हे सांगताना असतो तसा होता.

मी गेटपर्यंत गेलो. सासूबाईंनी उंचावरून हात केला. एवढं उंच बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खूप लहान आणि खूप आनंदी दिसत होत्या.

२६ ऑक्टोबर, शनिवार. बसमध्ये

नवीन माहिती : मला बस लागते.

आयुष्यभर मीच गाडी चालवत आलो. कधी दुसऱ्याच्या मागे बसलोच नाही, त्यामुळे कळलं नव्हतं. पहिल्या डोंगरातच. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी दिली. मग त्यांनी जागा बदलली. वड्यांचा खोका मांडीवर. त्यांचा गरम गोड वास येत राहिला. आता मला सासूबाईंबद्दल बरंच काही समजतंय. घाट संपेपर्यंत लिहिता येणार नाही.

संध्याकाळ, सोक्चो

दोनदा बस बदलली. दुसरी चुकली, कारण मी स्टँडवरच्या बाकावर डोळे मिटून बसलो होतो. पोचलो तेव्हा कार्यक्रम आटोपला होता. आमचा जावई खुर्च्या घडी करून ठेवत होता. युनजूने मला सूप वाढलं आणि म्हणाली, "बाबा, किती पांढरे पडलात." वड्या तिने फ्रीजमध्ये ठेवल्या.

बोमी झोपली होती. सासूबाई तिच्याशेजारी जमिनीवर आडव्या झालेल्या, त्यांच्या हातात तिची मूठ. त्याही झोपलेल्या. दोघींचं तोंड सारखंच उघडं.

मी दारातच बसलो. मी सांगणार होतो की कंपनीच्या खुणेत फरक होता. सांगायला त्या खोलीत कुणी जागं नव्हतं, म्हणून असेल, पण ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि मलाच पटलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बोमी जागी असताना पहिल्यांदा भेट. मी सूट घातला नव्हता. तरी नखांत काळं होतं, ते जात नाही.

ती सगळ्यांच्या मांडीवर फिरली. गिताए तिला ट्रकच्या हॉर्नचा आवाज काढून दाखवत होता, पुन्हा पुन्हा, एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर. ती खदखदून हसायची. आम्ही सगळे बघत होतो. मग तिने त्याच्या नाकावर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, "आबा."

तिचा पहिला शब्द. युनजू ओरडलीच. बायकोने टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. गिताएचा चेहरा उतरला. मी त्याला पहिल्यांदाच हसायचं विसरलेला पाहिला. तो घाईघाईने म्हणाला, "नाही गं बाळा, मी नाही. आबा ते. ते बघ, ते तुझे आबा."

बोमीने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग परत त्याच्याकडे वळून म्हणाली, "आबा."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सांगा की तिला."

मी दुरुस्त करायला गेलो नाही.